श्रिंक प्लास्टिक: मुलांसोबत राख्या, कीचेन, बिल्ले आणि किल्ल्यावरचे मावळे

पाटीपेन्सिल

राखीपौर्णिमा जवळ आली की आमच्या सोसायटीतली मुलं क्लबहाउसच्या पायरीवर येऊन विचारायला लागतात, "काकू, यंदा ते आक्रसणारं प्लास्टिक आहे ना?" इथल्या तिघीचौघींनीही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून वेगळा धागाच काढतेय. ज्यांनी केलं आहे त्यांनी भर घाला.

ज्यांनी पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी: ही पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकची पातळ शीट असते. ए-४ आकारात मिळते, पारदर्शक, दुधी किंवा पांढरी. त्यावर चित्र काढायचं, रंगवायचं, कापायचं आणि तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचं. मिनिट-दोन मिनिटांत तुकडा आक्रसून निम्म्याहून लहान होतो आणि चांगला जाड, टणक होतो. रंगही गडद होतात, कारण तेवढाच रंग लहान जागेत गोळा होतो. म्हणून मुलांना आधीच सांगायचं की हात हलका ठेवा. फिकट वाटला तरी भाजल्यावर तो बरोबर उतरतो.

शीटची एक बाजू खरखरीत असेल तर त्यावर साध्या रंगीत पेन्सिली छान चालतात. दोन्ही बाजू गुळगुळीत असतील तर ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एक बाजू आडवी-उभी घासून घ्या आणि धूळ पुसून टाका. गुळगुळीत बाजूवर सीडी मार्कर चालतो. साध्या स्केचपेनची शाई तिथे धरत नाही, तिचे थेंब होतात. मेणाचे खडू आणि ऑइल पेस्टल अजिबात नकोत, मेण ओव्हनमध्ये वितळतं.

कापताना काळजी घ्या. भाजण्याआधी शीट ठिसूळ असते आणि आत वळणाऱ्या टोकदार कोपऱ्यात तडकते. चांदणीपेक्षा ढग बरा, आणि हरणापेक्षा कासव. मांजराची शेपूट हवीच असेल तर ती अंगाला चिकटूनच काढायला सांगा. बाहेरचे कोपरे गोल करा, कारण भाजल्यावर ते कडक होऊन बोचतात. दोरा ओवायचा असेल तर भोक भाजण्याआधीच पाडायचं. ऑफिसच्या पंचिंग मशीनचं साधारण ६ मिमीचं भोक भाजल्यावर अडीच मिमीच्या आसपास येतं. ते कडेपासून निदान एका भोकाएवढं आत घ्या.

ओव्हन १६० ते १६५ अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्यायचा. ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर तुकडे, रंगवलेली बाजू वर. आता जे दिसतं ते बघण्यासाठीच मुलं आलेली असतात. काही सेकंद काहीच होत नाही. मग एक कड उचलली जाते, तुकडा अंग चोरल्यासारखा वळतो, पार सुरळी होते. पहिल्यांदा बघणारं मूल इथे हमखास ओरडतं, "गेलं, बिघडलं!" घाबरायचं नाही आणि दारही उघडायचं नाही. तुकडा पुन्हा स्वतःहून उलगडत सपाट होतो. सपाट झाल्यावर अजून दहा-पंधरा सेकंद थांबा, मग बाहेर काढा, वर बेकिंग पेपर ठेवा आणि लगेच स्टीलच्या डब्याच्या सपाट बुडाने दाबा. काही सेकंदांतच तो घट्ट होतो. दार उघडणं, ट्रे काढणं, दाबणं ही कामं मोठ्यांचीच. मुलांनी काचेतून, हातभर लांबून बघायचं.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. इंटरनेटवर या शीटचे व्हिडिओ बघितले तर बहुतेकांत कार्टूनची तयार चित्रं खाली ठेवून गिरवलेली असतात. कृपा करून मुलांना त्यांचं स्वतःचं काढू द्या. गेल्या वर्षी पहिलीतल्या एका मुलाने आजोबांसाठी रिक्षा काढली. तीन चाकं, तिन्ही एकाच बाजूला, आणि ड्रायव्हरची मिशी खिडकीतून बाहेर आलेली. मोठ्या शीटवर ती रेघ थरथरलेली दिसत होती. भाजून दीड-दोन इंचांची झाली तेव्हा तीच रेघ बारीक, ठाम आणि नेटकी दिसायला लागली. मिशी तशीच बाहेर. लहान हातांना मोठं काढणंच सोपं जातं, आणि लहान करायचं अवघड काम हे प्लास्टिक करतं. त्या वयाच्या मुलाला स्वतःची रेघ इतकी देखणी दिसण्याची संधी दुसऱ्या कुठल्या साहित्यात मिळत असेल असं मला वाटत नाही.

मोरपंखी

किती नीट लिहिलंय! वाचनखूण साठवली. लेक साडेपाच वर्षांची आहे, तिला जमेल का? आणि आमच्याकडे ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) नाही, मायक्रोवेव्ह आहे. त्यात होईल?

पाटीपेन्सिल

रंगवणं नक्की जमेल, कापायला तू मदत कर. मायक्रोवेव्हवर कन्व्हेक्शन (पंख्याने गरम हवा फिरवून भाजायची सोय) असेल तर त्या मोडवर होईल. नुसत्या मायक्रो मोडवर होणार नाही.

रसायनी

मायक्रो मोडवर का होत नाही ते सांगतो. मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ तापतो तो मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे. पॉलिस्टायरीनमध्ये पाणी नाही आणि त्याचे रेणू त्या लहरी जवळजवळ शोषतच नाहीत. शीट थंडच राहील.

आक्रसण्यामागचं शास्त्रही मुलांना सांगण्यासारखं आहे. पॉलिस्टायरीन म्हणजे लांबच लांब साखळ्या. मोकळ्या सोडल्या तर त्या लोकरीच्या गुंत्यासारख्या वेटोळून राहतात. कारखान्यात शीट गरम असताना ती दोन्ही दिशांना ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच झटकन थंड करतात. साखळ्या तशाच अडकून पडतात. सुमारे १०० अंशांना पॉलिस्टायरीन मऊ व्हायला लागतं, साखळ्यांना हालचाल करता येते आणि त्या पुन्हा वेटोळून बसतात. आपण ओव्हनमध्ये काही नवीन घडवत नाही, कारखान्यात दिलेला ताण तेवढा मोकळा करतो.

आणि यातून काहीही उडून जात नाही. वजन तेच, आकारमानही तेच. लांबी-रुंदी जितकी कमी होते त्याची भरपाई जाडीत होते. दहा सेंटिमीटरचा चौरस साडेचार सेंटिमीटरचा झाला असं धरा. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरवरून सुमारे २० वर आलं, म्हणजे पाचवा हिस्सा. मग जाडी पाचपट व्हायलाच हवी. ०.३ मिमीची शीट दीड मिमीची होते. सहावी-सातवीच्या मुलांना हे पट्टीने मोजून वहीत मांडायला लावा.

बाबामाणूस

रसायनी सर, हे फार आवडलं. मुलगा सातवीत आहे, "बाळांचं क्राफ्ट" म्हणून नाक मुरडत होता. त्याला मोजमापाचं काम देतो.

एक शंका. आम्ही आणलेल्या शीटवर वाटी ठेवून गोल काढला होता, तो भाजल्यावर किंचित लंबगोल झाला. शीट खराब आहे का?

रसायनी

खराब नाही. कारखान्यात दोन्ही दिशांचा ताण अगदी सारखाच पडेल असं नसतं, त्यामुळे एका दिशेला थोडं जास्त आक्रसतं. नवीन पाकीट उघडलं की एक चिंचोळी पट्टी लांबीत आणि एक रुंदीत कापा. दोन्हींवर पट्टी ठेवून सेंटिमीटरच्या खुणा करा आणि भाजा. त्या पाकिटाचं मोजमाप तयार झालं. काटेकोर गोल हवा असेल तर जी दिशा जास्त आक्रसते ती बाजू तेवढी लांब काढायची. मुलाला त्रैराशिकाचा खरा उपयोग दिसेल.

दूरदेशी

जपानमधून +१. इथे याला "पुराबान" म्हणतात आणि शंभर येनच्या दुकानांत सुद्धा मिळतं. ०.२, ०.३, ०.४ मिमी अशा वेगवेगळ्या जाडीच्या शीट असतात. इथल्या घरांत मोठा ओव्हन क्वचित असतो, त्यामुळे सगळं काम छोट्या टोस्टर ओव्हनमध्ये होतं आणि समोरच्या काचेतून मुलांना अगदी जवळून दिसतं.

इथली एक युक्ती तिकडेही उपयोगी पडेल. अॅल्युमिनियम फॉइल आधी हातात चुरगळायची, मग पुन्हा पसरायची आणि त्यावर तुकडा ठेवायचा. चुरगळलेल्या फॉइलला तुकडा कमी जागी टेकतो, म्हणून चिकटत नाही आणि मोकळेपणाने आक्रसतो. बाहेर काढल्यावर दोन बेकिंग पेपरांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक.

अजून एक. बाहेर आल्यावर पहिले काही सेकंद तो वाकतो. मोठ्यांनी जाड सुती हातमोजे घालून मार्करच्या नळीभोवती गुंडाळला तर अंगठी होते. उशीर झाला तर मात्र जबरदस्तीने वाकवू नका, तुटेल.

मिलवॉकीकर

हा खेळ मूळचा आमच्या विस्कॉन्सिन राज्यातला, म्हणून राहवत नाही! अमेरिकेत हा खेळ "श्रिंकी डिंक्स" या नावाने घराघरांत गेला, आणि त्याची सुरुवात मिलवॉकीच्या शेजारच्या ब्रुकफील्ड गावात १९७३ साली झाली. बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघी आया. मुलांच्या कब स्काउटच्या (छोट्या बालवीरांच्या) गटासाठी हस्तकला शोधताना त्यांना हे प्लास्टिक सापडलं आणि त्यांनी ते गावातल्या ब्रुकफील्ड स्क्वेअर मॉलमध्ये विकायला ठेवलं. पुढे मोठमोठ्या खेळणी कंपन्यांनी ते बनवलं.

पाटीपेन्सिल, तुम्ही क्लबहाउसमध्ये करता तेच या दोघी करत होत्या. मुलांचा गट आणि त्यांना आवडेल असं हाताचं काम.

रसायनी

याला जोडून एक गोष्ट सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड केंद्रात मिशेल खाइन नावाच्या संशोधिका नव्याने रुजू झाल्या तेव्हा सूक्ष्म नलिका बनवायला लागणारी महागडी सोय तिथे नव्हती. त्यांना लहानपणचा हा खेळ आठवला. त्यांनी लेझर प्रिंटरने या शीटवर बारीक रेघा छापल्या आणि शीट भाजली. रेघा अरुंद झाल्या आणि टोनर (प्रिंटरची कोरडी शाई) उंच उठून आला. त्या उंचवट्यांचा साचा म्हणून वापर करून त्यांनी काही थेंबांवर प्रयोग करता येतील अशा नलिका बनवल्या. २००७ च्या सुमाराचं हे काम. आता त्या त्याच विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रात आहेत.

बाबामाणूस, नाक मुरडणाऱ्या चिरंजीवांना हे जरूर सांगा.

हिरवा_कंदील

धागा सुंदर आहे, तरी थोडं खटकतंय ते लिहितो. आपण मुलांना एकीकडे प्लास्टिक टाळा म्हणतो. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेले-चमचे बंद झाले, सजावटीचं थर्माकोलही बंद झालं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच. मग हस्तकलेसाठी तेच नवं आणायचं? राखी तर चार दिवसांत उतरते.

पाटीपेन्सिल

तुमचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो मुलांसमोरही बोलते. म्हणून आमच्याकडे एका मुलाला पाव शीट, त्याहून जास्त नाही. त्यामुळे मुलं आधी कागदावर विचार करतात, आणि चित्राला ते चांगलंच असतं. राखीलासुद्धा दोन्ही बाजूंना भोकं ठेवायची, मधली चकती नंतर दप्तराला किंवा चावीला लावता येते. कात्रणं फेकायची नाहीत. भोक पाडून भाजली की त्यांचे वेडेवाकडे मणी होतात आणि राखीच्या दोऱ्यात तेच ओवतो.

तरीही कुणाला नकोच वाटलं तर मी आग्रह करणार नाही. मातीचे मणी आहेत, कापडाच्या राख्या आहेत.

मोरपंखी

मग घरात आलेल्या केकच्या पारदर्शक डब्याचं झाकण वापरलं तर? फुकट आणि पर्यावरणालाही बरं.

रसायनी

झाकणावर त्रिकोणातला आकडा बघा. ६ असेल तर पॉलिस्टायरीन, सपाट भाग वापरता येईल. पण आपल्याकडचे बरेच पारदर्शक डबे १ नंबरचे, म्हणजे पेट (PET) नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते वाकडेतिकडे होतात आणि पांढरट पडतात. ५ नंबरचं पॉलिप्रॉपिलीन वितळून ट्रेला चिकटेल. आकडा सापडला नाही तर ओव्हनमध्ये घालू नका. पीव्हीसीसारखं दुसरं प्लास्टिक निघालं तर तापल्यावर घातक वाफा निघू शकतात.

६ नंबरच्या डब्याचे खोलगट भाग एकसारखे ताणलेले नसतात, त्यामुळे चित्र कुठे जास्त आक्रसेल, कुठे कमी. चेहरा काढला तर वाकडा येईल. नक्षी काढा, चालून जाईल.

तळ्यात_मळ्यात

शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून गिरवण्याबद्दल थोडं वेगळं मत मांडते. वर्गात अशी मुलं असतात जी कोरा कागद बघून हातच उचलत नाहीत. "बाई, मला चित्र येत नाही." चौथी-पाचवीपर्यंत हे पक्कं झालेलं असतं. अशा मुलासमोर पारदर्शक शीट ठेवून खाली एक सोपं फूल सरकवलं तर ते मूल काहीतरी पूर्ण करतं. हातात टणक, चमकदार वस्तू येते. दुसऱ्या वेळेला तेच मूल स्वतःचं काढायला बसतं. गिरवणं म्हणजे चोरी असं मुलांच्या मनात बसू नये.

पाटीपेन्सिल

ताई, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे. अशा मुलांसाठी मी दुसरा रस्ता घेते. आधी रद्दी कागदावर काहीही काढायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं. त्यातलं बरं वाटेल ते शीटखाली ठेवून स्वतःचंच चित्र गिरवायचं. पारदर्शकपणाचा फायदा मिळतो आणि रेघ त्याचीच राहते. चांदणीचं चित्र देऊन सगळ्यांकडून तीच चांदणी करून घेणं मात्र मला अजूनही पटत नाही. वीस मुलांच्या वीस एकसारख्या चांदण्या बघून आयांना बरं वाटतं, मुलाला नाही.

तळ्यात_मळ्यात

स्वतःचंच गिरवायचं हे छान आहे, वर्गात करून बघेन. पण न काढणाऱ्या मुलाकडे रद्दी कागदावरसुद्धा "काहीही" नसतं, हे लक्षात असू द्या. तिथे मी माझ्या फुलावर ठाम आहे.

सांजवात

अवांतर नाही ना होणार? दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुणी मावळे केलेत का असे? बाजारातले मातीचे मावळे मुलं दरवर्षी हात-पाय मोडून ठेवतात.

बाबामाणूस

सांजवात, आम्ही केलेत! दहा-बारा सेंटिमीटर उंच काढले की भाजून साधारण पाचाच्या आसपास येतात, किल्ल्याला शोभतात. पायाखाली मातीत खोचायला रुंद पट्टी ठेवा, निदान मावळ्याच्या अंगाएवढी. अरुंद ठेवली तर तीच आधी वळते. ढाल अंगालाच चिकटलेली काढायची. तलवार आणि भाला अंगाबाहेर आलेले काढू नका, भाजताना वळून अंगाला चिकटतात. आम्ही नंतर टूथपिकचे भाले फेविक्विकने चिकटवले, ते मी चिकटवले, मुलाने नाही. दोन्ही बाजूंनी दिसावेत म्हणून मागच्या बाजूला पांढरा अॅक्रिलिक रंग भाजल्यावर लावला. त्याने पुढचे पेन्सिलचे रंगही उठून दिसले.

मोरपंखी

काल केलं! लेकीने मोर काढला. छान झाला, पण पिसारा वळून मानेला चिकटला आणि सुटलाच नाही. असं झालं की काय करायचं?

पाटीपेन्सिल

अगं, तो अजून गरम असताना ट्रे बाहेर काढून दोन लाकडी काड्यांनी हळूच सोडवायचा आणि पुन्हा आत ठेवायचा, उरलेला उलगडतो. थंड झाल्यावर ओढायचा नाही. पूर्ण थंड झाला असला तरी पुन्हा ओव्हनमध्ये ठेवून मऊ करून बघता येतं, फक्त जिथे घट्ट चिकटलंय तिथे सुटेलच असं नाही. पुढच्या वेळी पिसारा उभा न काढता मोराभोवती पूर्ण गोल काढायला सांग आणि तो गोलच काप. कन्व्हेक्शनचा पंखा हलके तुकडे उडवतो, दुमडतो, तेही कारण असू शकतं. पंखा बंद करता येत नसेल तर तुकड्यावर दुसरा बेकिंग पेपर अलगद ठेव.

मोरपंखी

पंखा चालूच होता. कळलं आता. वर चमक यावी म्हणून पारदर्शक नेलपॉलिश लावू का?

रसायनी

नको. नेलपॉलिशमधलं द्रावक मार्करची शाई पसरवतं आणि पॉलिस्टायरीनलाही खातं. पाण्यातलं अॅक्रिलिक वार्निश आणा, पातळ हात द्या. पेन्सिलचे रंग हाताने पुसले जाऊ नयेत म्हणून तेवढं पुरतं.

सांजवात

ओव्हनच नसेल तर? गॅसवर, तव्यावर?

रसायनी

गॅसच्या ज्योतीवर कधीही नाही. पॉलिस्टायरीन पेट घेतं आणि काजळीचा धूर सोडतं. तव्याचं तापमान आपल्याला कळत नाही, खालची बाजू वितळून वरची कच्ची राहते. कढईत मीठ घालून केक करतात तसं तत्त्वतः शक्य आहे, पण मी सुचवणार नाही, कारण १६० अंश कधी ओलांडले ते समजत नाही आणि ती कढई उद्या स्वयंपाकाला लागते. ओव्हनमध्येसुद्धा त्याच वेळी खाण्याचं काही ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा, आणि करपल्याचा वास आला तर बंद करून मुलांना खोलीबाहेर न्या.

पाटीपेन्सिल

सांजवात, सोसायटीत कुणाकडे तरी ओटीजी असतोच. मुलांचे रंगवून कापलेले तुकडे जाड वहीत घालून न्यायचे आणि एकाच दुपारी सगळ्यांचे भाजायचे. ओव्हन एकदा तापला की पुढचं भराभर होतं. आमच्याकडे गेल्या वर्षी असंच केलं, आणि त्या मावशींच्या घरी शेवटपर्यंत कोणीच हलायला तयार नव्हतं.

आणखी दोन सूचना राहिल्या. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर सुटे तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका, तोंडात जातात. फ्रिजला लावायला छोटे गोल ताकदवान चुंबक वापरू नका, ते गिळले गेले तर पोटात एकमेकांना ओढून आतड्याला इजा करतात. रबरी चुंबकाची पट्टी घ्या.

दूरदेशी

एक राहिलं. खरखरीत बाजूवर काढून गुळगुळीत बाजूने बघायचं असेल तर अक्षरं उलटी लिहावी लागतात. इथे मुलं नाव आधी कागदावर लिहितात, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरतात आणि मागून दिसणारं गिरवतात.

मोरपंखी

नावाचं बरं सांगितलंत, लेकीला दप्तराला नाव हवंच आहे. आता दुसरा मोर गोलात काढायला बसलीये. राखीसाठी गोल केवढा घ्यायचा?

पाटीपेन्सिल

नऊ-दहा सेंटिमीटरचा, म्हणजे भाजून चारच्या आसपास. छोट्या भावाच्या मनगटाला सात-आठचा पुरे. दोन भोकं अगदी समोरासमोर, आणि आधी रसायनींनी सांगितलेली दोन पट्ट्यांची चाचणी करून घे, पाकीट नवीन असेल तर.